परसातले पहिले कलम

आंबा खाऊन कोय मातीत खोचायची आणि वाट पाहायची, ही बहुतेकांची सुरुवात. कोय रुजतेही, पण फळ यायला सात-आठ वर्षे सहज जातात आणि हापूसच्या कोयीतून हापूसच निघेल याची खात्री नसते. म्हणून नवख्याने कलमच घ्यावे. गावठी खुंटावर जातिवंत झाडाची काडी जोडलेली असल्याने मूळ झाडाचे गुण त्यात तसेच उतरतात.

अंगण लहान असेल तर आम्रपाली निवडावी. दिल्लीच्या पुसा संस्थेने दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून १९७१ मध्ये आणलेली ही जात बुटकी राहते.

खड्डा उन्हाळ्यातच खणावा, मीटरभर लांब, रुंद आणि खोल. तो तापला की माती आणि कुजलेले शेणखत भरावे. पाऊस स्थिरावल्यावर लागवड करावी. कलमाचा जोड मात्र मातीच्या वर राहिलाच पाहिजे. जोडाखालून फुटणारे धुमारे खुंटाचे असतात. ते वेळीच काढले नाहीत, तर गावठी झाड फोफावते आणि कलम मागे पडते.

मोहोर पहिल्या-दुसऱ्या वर्षीच येऊ शकतो. खुडताना हात अडखळतो, तरी पहिली तीन वर्षे तो खुडावाच. झाडाची ताकद आधी मुळांत आणि फांद्यांत जायला हवी.

अंगणच नाही? उन्हाच्या गच्चीवर, तळाला भोके पाडलेल्या अर्ध्या पिंपात कागदी लिंबू छान येते. त्याच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी ही लिंबावरच्या फुलपाखराची. दोन-चार असतील तर फवारणी कशाला, हाताने वेचल्या तरी पुरते.