उपवासकाळाला साथ मराठी भजनाची

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, रविवार वगळून, ४० दिवसांचा उपवासकाळ असतो. या दिवसांत कॅथलिक उपासनेत ‘आलेलुया’ गात नाहीत. ऑर्गनसारखी वाद्येही, मोजके सण सोडले तर, फक्त गाण्याला आधार म्हणून वाजवतात. थोडक्यात, शब्द पुढे आणि वाद्य मागे. म्हणूनच मराठी भजन या काळाला सर्वांत शोभते, असे माझे ठाम मत आहे. एकाने ओळ म्हणायची, सगळ्यांनी ती उचलायची, टाळ-पेटीची साथ पुरे. मोठा ऑर्गन किंवा कसलेला कॉयर नसलेल्या खेड्यातल्या मंडळीलाही हे सहज जमते.

काही जण म्हणतात, ही चाल उसनी आहे, ख्रिस्ती नव्हे. पण फादर थॉमस स्टीफन्स यांचे १६१६ साली गोव्यात छापलेले ‘क्रिस्तपुराण’ ओवीतच आहे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्ह. ना. वा. टिळकांची भजने मराठी मंडळ्या आजही गातात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६३ मध्ये स्थानिक संगीतपरंपरेला उपासनेत योग्य स्थान द्यायला सांगितले. पाश्चात्त्य गीते टाकून द्या, असे मी म्हणत नाही. त्यांचे सौंदर्य वादातीत आहे. पण पश्चात्तापाची प्रार्थना मायबोलीच्या लयीत अधिक खोल उतरते. यवतमाळ जिल्ह्यातल्या तरुण गायकांना कळकळीची विनंती: येत्या उपवासकाळात टिळकांचे एक तरी भजन नीट बसवा आणि मंडळीला शिकवा.