300 ग्रॅम वाढवा, मूठ हलकी होईल

मेटल डिटेक्टर फिरवून हात भरून आलाय? मग त्याला आणखी 300 ग्रॅम वजन बांधा. छपाईची चूक नाही ही! वजन वाढवल्यावर मुठीवरचा भार खरोखर कमी होतो. फक्त ते कुठे बांधायचं हे कळलं पाहिजे.

आधी यंत्राकडे नीट बघू. लांब दांडा, त्याच्या खालच्या टोकाला जमिनीलगत फिरणारी चपटी कॉइल, वर मूठ आणि मुठीमागे, कोपराजवळ, हात टेकवायचा अर्धगोल कफ. कॉइलचं बदलतं चुंबकीय क्षेत्र मातीत शिरतं, तिथल्या धातूत बारीक विद्युतप्रवाह जागे करतं आणि त्या प्रवाहांची चाहूल पुन्हा कॉइललाच लागते. त्यामुळे दांड्याचं खालचं टोक धातूचं असून चालत नाही, नाहीतर यंत्र स्वतःलाच शोधत बसेल. कॉइल जोडणारा नट-बोल्टसुद्धा प्लास्टिकचा असतो!

आता हिशोब. समजा, कॉइल अर्ध्या किलोची आहे आणि आडवं अंतर मोजलं तर मुठीच्या 90 सेंटिमीटर पुढे आहे. कफ मुठीच्या 30 सेंटिमीटर मागे. दांड्याचं स्वतःचं वजन सध्या सोडून देऊ. कॉइल खाली जायला बघते, तसा दांड्याचा मागचा भाग वर उचलला जातो. त्याला दाबून ठेवायला तुमचा हात कफवर खाली रेटतो. कॉइलचं अंतर कफच्या तिप्पट, म्हणून हा रेटाही तिप्पट, दीड किलोचा. मग मुठीवर किती आलं? कॉइलचा अर्धा किलो आणि कफवरचा दीड किलो. काट्यावर अर्धा किलो भरणारी वस्तू मुठीत दोन किलोंची होऊन बसली!

आता ते 300 ग्रॅम कफच्याही मागे, मुठीपासून 45 सेंटिमीटरवर बांधा. कफवरचा रेटा दीड किलोवरून जवळपास एक किलो पन्नास ग्रॅमवर येतो. दोन्ही वजनं धरूनही मुठीवर उरतात 1 किलो 850 ग्रॅम. वजन वाढलं आणि भार दीडशे ग्रॅमने घटला. कोकणात विहिरीच्या लाटेला, म्हणजे पाणी उपसायच्या लांब वाशाला, मागच्या टोकाशी दगड बांधतात, ते याच हिशोबाने. हेच वजन बरोबर कफवर बांधलं, तर मुठीला काहीच फरक पडत नाही. कफच्या पुढे आणलं, की मूठ जड. म्हणून बॅटरी आणि यंत्राचा डबा कोपराच्या मागे नेणं ही डिटेक्टरमधली फार मोठी सुधारणा आहे.

पण थांबा, डिटेक्टर नुसता धरायचा नसतो, डावी-उजवीकडे झुलवायचा असतो. मागे बांधलेलं वजन झोक्याला जड नाही का जाणार? इथे निसर्ग आपल्यावर फारच मेहरबान आहे. फिरणाऱ्या वस्तूचा जडपणा अंतराच्या वर्गाने वाढतो. हात कोपरातून झुलतोय असं धरलं, तर कॉइल कोपरापासून 120 सेंटिमीटरवर आहे आणि आपलं वजन फक्त 15 सेंटिमीटरवर. झोका उलटवताना ते 300 ग्रॅम कॉइलच्या शंभराव्या भागाइतकेही जाणवत नाहीत! उलट कॉइलमधून 50 ग्रॅम कमी केले, तरी प्रत्येक झोक्याला हात दुवा देतो. खांद्याला मात्र सगळं वजन पेलावंच लागतं, तिथे सूट नाही.

आता मनगट. एक पेन्सिल मुठीत धरा. ती हाताला काटकोनात न राहता थोडी पुढे कलते. आता मनगट खाली वाकवून मूठ आवळून बघा. जोर गेला ना? बोटांमध्ये बोटं मिटवणारा एकही स्नायू नसतो. मूठ आवळणारे मुख्य स्नायू कोपराखालच्या भागात बसतात आणि मनगटातल्या चिंचोळ्या बोगद्यातून नऊ कंडरा बोटांकडे जातात. मनगट वाकलं की हे स्नायू आखडून बसतात, आणि कंडरा बोगद्याच्या भिंतीला घासतात. म्हणून जुन्या डिटेक्टरचा दांडा एस अक्षरासारखा वळवला आणि मूठ पुढे कलती केली. वळायचं ते दांड्याने, मनगटाने सरळच राहायचं.

हे सगळे लाड आहेत का? अजिबात नाही. दमलेला हात झोक्याच्या दोन्ही टोकांना कॉइल वर उचलतो. चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाने विरत जातं आणि धातूचं उत्तर परत येतानाही तसंच विरतं. कॉइलच्या मानाने खोल असलेल्या लहान वस्तूचं अंतर दुप्पट झालं, तर संकेत साधारण 64 पटींनी क्षीण होतो! गडचिरोलीच्या रस्त्यांवर पुरलेली स्फोटकं शोधणाऱ्या पोलीस पथकांसाठी दमलेल्या हाताचा अर्थ फार गंभीर आहे.

1941 मध्ये पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी ब्रिटनमध्ये हाताने वापरायचा सुरुंगशोधक घडवला. त्याचं वजन सुमारे 14 किलो होतं. 1942 मध्ये इजिप्तमधल्या एल अलामीनच्या लढाईत असे 500 शोधक वापरले गेले आणि सुरुंग साफ करण्याचा वेग दुपटीवर गेला. आज फ्रान्समधल्या एक्सपी कंपनीचा ड्यूस किलोच्याही आत भरतो. त्याच्या कॉइलला तारच नसते, त्यामुळे नियंत्रणाचा डबा दांड्यावरून काढून कमरेला लावता येतो. ऑस्ट्रेलियात सोनं शोधणाऱ्यांसाठी मिनेलॅबने काढलेला जीपीझेड 7000 मात्र तीन किलोंहून जड आहे. म्हणून त्याला पट्टे आणि लवचिक दोरी लावून भार खांद्यांवर आणि कमरेवर नेतात.

तुमच्या हातात डिटेक्टर आला, तर आधी ताठ उभे राहा. खांदा सैल सोडा आणि कॉइल जमिनीपासून बोटभर वर राहील इतकीच दांड्याची लांबी ठेवा. कफ कोपराच्या जरा खाली बसवा, म्हणजे कोपर मोकळं वाकेल. आणि विकत घेताना माहितीपत्रकातल्या वजनाच्या आकड्यावर भुलू नका. मुठीखाली दोन बोटं घालून यंत्र तोलून बघा. कॉइल झपकन खाली गेली, तर ते यंत्र कितीही हलकं असो, घेऊ नका.