दुहेरीतले दुसरे नाव

३० सप्टेंबर २०२३ चा तो शनिवार. गणपतींचे विसर्जन होऊन दोनच दिवस झाले होते. आमच्या शेलारच्या घरामागे यंत्रमागांची खडखड नेहमीसारखी चालू होती, आणि आत दूरदर्शन संचासमोर मी व आई बसलो होतो. चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई क्रीडास्पर्धेतील टेनिसच्या मिश्र दुहेरीचा अंतिम सामना होता. आईला टेनिसमधले ओ की ठो कळत नाही. परंतु ‘बोपण्णा–भोसले’ असे ऐकताच ती सरसावून बसली. थोड्या वेळाने म्हणाली, “आपल्या मुलीचे नाव मागे का रे? आणि जिंकले तर पदक एकच, की दोघांना दोन?”

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. पहिल्याने मात्र मला अडविले.

पुण्याची ऋतुजा भोसले तेव्हा २७ वर्षांची, अमेरिकेतील टेक्सस ए अँड एम विद्यापीठाकडून खेळून आलेली. रोहन बोपण्णा ४३ वर्षांचा. चिनी तैपेईच्या जोडीने पहिला सेट ६–२ असा सहज घेतला. दुसरा आपल्या जोडीने ६–३ असा जिंकला. अशा वेळी पूर्ण तिसरा सेट खेळत नाहीत. दोन गुणांची आघाडी राखून जी जोडी आधी दहा गुण गाठील ती विजयी. आपली जोडी १०–४ अशी जिंकली. त्या स्पर्धेत भारताला टेनिसमध्ये मिळालेले हे एकमेव सुवर्णपदक. गंमत अशी, की हाच बोपण्णा पुरुष दुहेरीत युकी भांब्रीसह दुसऱ्याच फेरीत गारद झाला होता! खेळाडू तोच, पण जोडी वेगळी, की फळही वेगळे.

एकेरीचे मैदान २७ फूट रुंद असते, दुहेरीचे ३६ फूट. म्हणजे माणसे दुप्पट, पण जागा नऊच फूट अधिक. त्यामुळे येथे पळण्यापेक्षा एकमेकांना ओळखण्याला मोल. जाळ्याजवळचा खेळाडू पाठीमागे हात नेऊन बोटांनी खुणा करतो. सर्व्हिस कुठे पडायची आणि आपण कोणत्या बाजूला सरकणार, हे मागच्याला त्यावरून समजते. टाळ्या मात्र शेवटचा फटका मारणाऱ्याला!

आणि पैसा? २०२४ च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेत एकेरीच्या विजेत्याला ३१ लाख ५० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर होते. दुहेरीच्या विजेत्या जोडीला ७ लाख ३० हजार, तेही दोघांत वाटून. म्हणजे एकेकाला एकेरीवाल्याच्या नवव्या हिश्श्याहून किंचित अधिक. प्रवास, प्रशिक्षक, औषधपाणी यांचा खर्च काही नवव्या हिश्श्याने होत नाही.

बोपण्णाचीच कथा पाहा. २०१० साली पाकिस्तानच्या ऐसाम कुरेशीसह तो अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि हरला. २०१७ मध्ये फ्रेंच स्पर्धेची मिश्र दुहेरी त्याने जिंकली. पुढे गुडघ्यांतील कूर्चा झिजली. २०२१ मध्ये पाच महिने एकही सामना जिंकता आला नाही, तेव्हा आता थांबावे असा निरोप त्याने पत्नीला धाडला होता. पण तो थांबला नाही. पुण्याच्या अय्यंगार गुरुजींच्या योगपद्धतीने त्या गुडघ्यांना आधार दिला. जानेवारी २०२४ मध्ये मॅथ्यू एब्डेनसह त्याने ऑस्ट्रेलियन स्पर्धा जिंकली आणि ४३ व्या वर्षी तो दुहेरीत जगात पहिला ठरला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.

आईच्या पहिल्या प्रश्नाने मला आणखी एक मराठी नाव आठवले. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत पुरुष दुहेरीचे सुवर्णपदक लिअँडर पेस आणि गौरव नाटेकर यांनी मिळविले. बॅडमिंटनपटू नंदू नाटेकरांचे हे चिरंजीव. पेस घरोघरी ठाऊक. पण त्या पदकातला नाटेकर किती जणांना सांगता येईल?

वर्गात मी सांगत असतो, की संस्कृतात एकवचन आणि बहुवचन यांच्या मधोमध द्विवचन होते. प्राकृतात येता येता ते गळाले. मराठीला मिळालेच नाही. तेव्हापासून आपण एकाला ओळखतो, गर्दीला ओळखतो. दोघांचा हिशेब मांडताना मात्र अडखळतो.

हे व्याकरण आईला सांगायची गरज नव्हती. माझे वडील भिवंडीत माग चालवीत आणि आई घरी त्यांच्यासाठी कांड्या भरी. कांडी संपली की धोटा रिकामा धावतो आणि कापड थांबते. शेठजींच्या वहीत नाव मात्र एकच असे, वडिलांचे. शनिवारी पगार त्यांच्या हाती पडे. आईने त्याबद्दल कधी शब्द काढला नाही, आणि मीही कधी विचारले नाही.

पदक देण्याचा समारंभ सुरू झाला. एक पदक बोपण्णाच्या गळ्यात पडले, दुसरे ऋतुजाच्या. दोन्ही सारखी, दोन्ही पूर्ण. आई डोळे बारीक करून दोन्ही पदके न्याहाळत होती.

“दोन आहेत,” ती म्हणाली. मग उठून चहा टाकायला आत गेली.

त्या दिवशी प्रथमच मी तिच्या मागोमाग आत गेलो आणि कांड्यांच्या दिवसांबद्दल विचारले.