आप्त कोणाला म्हणायचं? स्वालबार्डच्या बर्फातला एक दिवस

मागच्या दोन व्याख्यानांत आपण प्रत्यक्ष आणि अनुमान या दोन प्रमाणांविषयी बोललो. आज शब्दप्रमाण. गेल्या वेळी व्याख्यान संपल्यावर एका तरुण श्रोत्याने मला जिन्यात गाठलं आणि विचारलं, "सर, शब्दप्रमाण म्हणजे दुसरा सांगेल ते मुकाट्याने मानायचं, एवढंच ना? मग त्याला ज्ञान कशाला म्हणायचं?" प्रश्न जुनाच आहे. चार्वाकांनी तो विचारला. बौद्धांनी आणि वैशेषिकांनीही शब्दाला वेगळं प्रमाण मानलं नाही, त्यांच्या मते ते अनुमानातच जमा होतं. मी त्या मुलाला तिथल्या तिथे काहीतरी उत्तर दिलं, पण ते माझं मलाच पटलं नाही. घरी जाताना मला दोन वर्षांपूर्वीचा स्वालबार्डमधला एक दिवस आठवला. आज आधी तो दिवस सांगतो, शास्त्राकडे मग वळू.

स्वालबार्ड म्हणजे नॉर्वेचा किनारा आणि उत्तर ध्रुव यांच्या साधारण मधोमध असलेली बेटं. १९२० च्या ज्या कराराने ती नॉर्वेकडे आली, त्यावर सह्या करणाऱ्यांत त्या वेळचा ब्रिटिश अमलाखालचा हिंदुस्थानही होता. तिथे न्यू-ओलेसुंद गावात २००८ पासून 'हिमाद्री' नावाचं भारताचं संशोधन केंद्र आहे आणि त्याचा कारभार आपल्या शेजारच्या गोव्यातून, वास्कोमधल्या ध्रुवीय संशोधन संस्थेतून चालतो. मी मात्र संशोधनाला वगैरे गेलो नव्हतो. माझी मुलगी नॉर्वेत नोकरी करते. तिने मार्चअखेरची सुट्टी काढली आणि मला म्हणाली, "बाबा, आता नाही तर कधी?" पंचाहत्तरीच्या तोंडावरच्या माणसाला हा युक्तिवाद खोडता येत नाही.

लाँगइयरब्येन हे तिथलं मुख्य गाव. वस्ती अडीच हजारांच्या आसपास. गावात आणि भोवती मिळून चाळीसेक किलोमीटर रस्ते, ते संपले की संपले. एका गावातून दुसऱ्या गावाला रस्ताच नाही. त्यामुळे हिवाळ्यात सगळे स्नोमोबाईलवरून फिरतात. तिथले लोक तिला सरळ 'स्कूटर' म्हणतात. ते ऐकून माझ्यासारख्या पुणेकराला जरा धीर आला. (हशा) पण पुढे चाकाऐवजी दोन पट्ट्या, स्कीसारख्या. मागे रणगाड्याला असतो तसा फिरणारा रबरी पट्टा. वेग उजव्या अंगठ्याने द्यायचा, ब्रेक डाव्या हाताला, आणि चालकाच्या अंगाला अडकवलेली एक दोरी. माणूस पडला की दोरी निसटते आणि इंजिन बंद पडतं. चालवणार मुलगी, मी मागे.

आमचा वाटाड्या... इथे मी अडखळतो, कारण आपला हा शब्द पुल्लिंगी आहे आणि आम्हाला नेणारी सव्वीस-सत्तावीस वर्षांची एक मुलगी होती. पाठीला रायफल, कमरेला आवाजाचा बार काढणारं पिस्तूल. वस्तीबाहेर पडायचं तर अस्वलाला हुसकावण्याचं साधन जवळ हवं, असा तिथला कायदाच आहे. अस्वल दाखवण्याचं वचन मात्र तिने दिलं नाही. पांढऱ्या अस्वलांना १९७३ पासून संरक्षण आहे आणि त्यांच्या मागावर जाणं गुन्हा आहे. आम्हालाही दिवसभरात ते दिसलं नाही, हे आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही शेवटपर्यंत त्याचीच वाट बघत बसाल.

निघण्यापूर्वी तिने पाऊण तास सूचना दिल्या. माझ्या रांगेतूनच जायचं. मागचा थांबला तर तुम्ही थांबायचं. मी हात वर केला की सगळ्यांनी थांबायचं, का ते नंतर विचारायचं. मी चाळीस वर्षं वर्गात सूचना दिलेला माणूस. कोणी माझ्याशी असं बोलल्याला बराच काळ लोटला होता. थोडं लागलंच मला ते.

मग तिने आणखी एक सांगितलं. "दर थांब्यावर एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघा. नाक, गाल, हनुवटी. पांढरा ठिपका दिसला तर लगेच सांगा." थर्मामीटर उणे वीस दाखवत होता. वारा नसताना उणे वीस सोसवतं, पण स्कूटर ताशी पन्नास किलोमीटरने धावते तेव्हा वारा तुम्हीच निर्माण करता आणि उघड्या कातडीला ती थंडी उणे पस्तीससारखी लागते. हा हिशोब काढायला सुरुवात केली ती सायपल आणि पॅसेल या दोन अमेरिकनांनी. अंटार्क्टिकावर त्यांनी प्लास्टिकच्या एका लहान नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात टांगलं आणि गोठायला किती वेळ लागतो ते मोजलं. आजची सूत्रं सुधारलेली आहेत, पण मूळ तिथलं.

तासाभराने पहिला थांबा आला. मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, डाव्या गालावर पांढरं झालंय." मला काहीच जाणवत नव्हतं. आता हे नीट बघा, कारण माझ्या आजच्या बोलण्याचं मर्म इथे आहे. कातडी गोठू लागली की आधी दुखते, मग बधिर होते. म्हणजे नेमका धोका असतो तेव्हाच स्पर्शाची साक्ष बंद पडते. स्वतःचा गाल डोळ्याला दिसत नाही. अनुमान करावं तर हेतू हवा, धूर हवा, आणि इथे धूर नाही. उलट 'दुखत नाही, म्हणजे ठीक आहे' हे चुकीचं अनुमान मात्र मनात तयारच होतं. माझा गाल, माझ्याच चेहऱ्यावरचा, आणि त्याबद्दल मला कळण्याचा एकच मार्ग उरला होता: समोरच्याने सांगणं. मुलीने आपला उघडा तळवा माझ्या गालावर धरला. दोन-तीन मिनिटांनी आग आग झाली, तेव्हा पटलं.

आम्ही आडव्हेंटडालेन या रुंद दरीतून सासेनडालेनकडे चाललो होतो. 'डालेन' म्हणजे दरीच. वाटेत आखूड पायांचे रेनडिअर बर्फ खुरांनी उकरताना दिसले. तिने वेग कमी केला, आम्हीही केला. थंडीत पळायला लावलं तर त्यांची साठवलेली चरबी जळते आणि उन्हाळ्यापर्यंत ती पुरत नाही. कारण तिने सांगितलं, पण आम्ही हळू झालो ते कारण कळण्याआधी.

दुपारी आभाळ भरून आलं. ढगातून गाळून आलेला उजेड सगळीकडून सारखाच पडतो आणि ताजा बर्फ त्यातला बहुतेक परत फेकतो. सावली उरत नाही. उंचवटा आणि खड्डा आपल्याला कळतात ते सावलीमुळे, हे तिथे कळतं. जमीन आणि आकाश यांच्यातली रेघही पुसली गेली. डोळे उघडे, नजर चांगली, पदार्थ समोर, आणि तरी निश्चित काही दिसत नाही. प्रत्यक्ष कसं असावं, तर निश्चयात्मक आणि न चुकणारं, असं नैयायिक म्हणतात. मी हे वर्षानुवर्षं शिकवलं. तिथे दोन्ही अटी मोडलेल्या होत्या आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही.

वाटाड्या मुलीचा माग एका जागी डावीकडे मोठं वळण घेत गेला होता. मला समोर सपाट मैदान दिसत होतं. उगाच कशाला फेरा? मी मुलीचा खांदा थोपटला आणि हाताने दाखवलं, सरळ घे. तिने क्षणभर मागे पाहिलं आणि सरळ घेतलं. वीस-पंचवीस मीटर गेलो असू. समोर ओढ्याचा काठ होता, पुरुषभर खोल, वर नव्या बर्फाची झालर. पुढच्या पट्ट्या खाली गेल्या, स्कूटर कुशीवर कलंडली, दोरी निसटली, इंजिन बंद. आम्ही मऊ बर्फात पडलो म्हणून निभावलं. मुलीचा पाय यंत्राखाली येता येता राहिला. वीतभर अंतर होतं. ते अंतर मला अजूनही रात्री कधी कधी दिसतं.

वाटाड्या मुलगी मागे वळून आली, दोघांचे हातपाय तपासले, आणि विचारलं, "का वळलात?" माझी मुलगी म्हणाली, "मला वाटलं." तिने माझं नाव घेतलं नाही. मी स्वतःच सांगितलं. त्यावर ती मुलगी एवढंच म्हणाली, "तुम्ही इथे उन्हाळ्यात आला होतात का?"

मित्रहो, माझ्या मुलीला त्या क्षणी दोन शब्द उपलब्ध होते. एक वाटाड्या मुलीचा, बर्फावर उमटलेला. दुसरा माझा. तिने बापाचा मानला, कारण लहानपणापासून बाप सांगतो ते बहुतेक खरं निघालेलं होतं. विश्वास ठेवण्यात तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. चूक माझी. ज्या गोष्टीचं मला ज्ञान नव्हतं तिच्याबद्दल मी ज्ञान असल्यासारखं बोललो, आणि ते माझ्यावरच्या तिच्या जुन्या विश्वासाच्या जोरावर.

आता शास्त्राकडे येऊ. गौतमाच्या न्यायसूत्रांत शब्दाची व्याख्या आप्ताचा उपदेश अशी केलेली आहे. कोणाचाही शब्द नव्हे. मग आप्त कोण? भाष्यकार वात्स्यायनाच्या विवेचनातून तीन गोष्टी निघतात. त्याने ती वस्तू साक्षात जाणलेली असावी. ऐकणाऱ्यांबद्दल त्याला कळवळा असावा. आणि जसं आहे तसं सांगण्याची इच्छा असावी. या यादीत वय नाही, नातं नाही, पदवी नाही. माझ्याकडे यातलं दुसरं होतं, तिसरंही होतं. पहिलं नव्हतं. वात्स्यायन पुढे म्हणतो की ऋषी, आर्य, म्लेच्छ या सगळ्यांना हे लक्षण सारखंच लागू पडतं. दीड हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने हे लिहून ठेवलंय आणि आपण अजून 'तो कोण सांगणारा?' असं विचारतो. त्या नॉर्वेजियन मुलीचा हिशोब त्याने आधीच करून ठेवला होता.

पण जिन्यातल्या मुलाचा प्रश्न अजून शिल्लक आहे. ती आप्त आहे हे मला कसं कळावं? शिवाय ती पगारी. आम्ही पैसे मोजलेले, आम्हाला थरार हवा. विकत घेतलेल्या शब्दात जसं आहे तसं सांगण्याची इच्छा किती असणार?

फ्रेडहाइमला आम्ही जेवलो. हिल्मार नॉइस नावाच्या शिकाऱ्याचं हे १९२४ चं लाकडी घर. या माणसाने स्वालबार्डमध्ये अडतीस हिवाळे काढले. किनारा खचू लागला म्हणून २०१५ मध्ये घर आतल्या बाजूला हलवावं लागलं. परतताना वेगळ्या खिंडीतून जायचं, असं ठरलं होतं. तिथे पोचल्यावर तिने हात वर केला, एकटी पायी पुढे गेली, उताराकडे बराच वेळ पाहत राहिली आणि येऊन म्हणाली, "आल्या वाटेने परत." दोन दिवसांच्या वाऱ्याने उताराच्या आडोशाच्या बाजूला बर्फ आणून टाकला होता. असा बर्फ थापीसारखा घट्ट बसतो, पण खालच्या नाजूक थराला नीट चिकटत नाही. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर एका स्कूटरचं वजनही तो तोडायला पुरतं. अशा हिमस्खलनात सापडलेल्या माणसानेच बहुतेक वेळा ते सुरू केलेलं असतं.

आमच्यातले एक गृहस्थ चिडले. कार्यक्रमात लिहिलंय, पैसे दिलेत, काल दुसरा गट गेला होता. ती म्हणाली, "हो." आणि स्कूटर वळवली.

मला तिथे उत्तराचा एक तुकडा सापडला. जे सांगण्यात तिचा तोटा होता ते तिने सांगितलं. शब्दाच्या खरेपणाचं हे अनुमान करता येतं, आणि ते मी केलं. दुसरा तुकडा सकाळचाच होता. गालाबद्दल तिने सांगितलं ते तासाभरात पडताळून मिळालं. वळणाबद्दल सांगितलं तेही, माझ्या दुर्दैवाने, पडताळून मिळालं. मग खिंडीबद्दल, जे मला पडताळता येणार नव्हतं आणि पडताळून बघायची इच्छाही नव्हती, तिथे तिचा शब्द मानणं आंधळेपणाचं नव्हतं. नैयायिकांची युक्ती हीच आहे. आयुर्वेदाचा गुण येतो हे दिसतं, त्यावरून सांगणाऱ्याची आप्तता ठरवा, आणि मग जे दिसत नाही तिथे त्याचं माना. ही युक्ती त्यांनी वेदांसाठी वापरली. तिथे ती कितपत चालते यावर आज मी बोलणार नाही, वेळ कमी आहे आणि भांडण मोठं आहे. (हशा)

आणि आप्तही चुकतो. २०२० च्या फेब्रुवारीत तिथल्याच एका हिमनदीवर वाटाड्यासोबत गेलेले दोन पर्यटक हिमस्खलनात गेले. त्यामुळे शब्दाला प्रमाण म्हणताना मी त्याला अचूक म्हणत नाही. डोळेही चुकतात, ते मी आत्ताच सांगितलं, आणि तरी प्रत्यक्षाला आपण प्रमाणांतून काढून टाकत नाही.

संध्याकाळी गावाच्या हद्दीवर तिने स्कूटर थांबवली आणि रायफल रिकामी केली. भरलेली बंदूक वस्तीत नेता येत नाही. तेवढ्या वेळात मी हेल्मेट काढून मुलीकडे वळलो आणि तिच्या नाकाकडे, गालांकडे, हनुवटीकडे पाहिलं. ती म्हणाली, "काय, आहे का काही?" मी म्हटलं, "नाही, काही नाही." तिने मानलं.

पुढच्या वेळी उपमान. तोवर काही विचारायचं असेल तर आत्ताच विचारा, जिन्यात गाठू नका.