आधी माप, मग कमोड

तायांनो, धानाच्या रोवणीत वाकून वाकून गुडघे गेलेल्या सासूबाई, आई, काकू आपल्या जवाहरनगर परिसरातल्या घराघरांत आहेत. संडासात खाली बसवत नाही, बसलं तर उठवत नाही. मग त्या पाणीच कमी पितात, आणि त्यातून दुसरी दुखणी सुरू होतात. घरात ठरतं, कमोड बसवू. गटातून कर्ज निघतं, भंडाऱ्याहून कमोड येतो, आणि मिस्त्री म्हणतो, "बाई, हा इथं बसत नाही." पैसे अडकतात, फोडलेला संडास तसाच राहतो आणि घरच्या बायकांचे हाल होतात.

असं का होतं? दुकानातला कमोड ठरलेल्या मापाचा असतो. आपल्या संडासातलं भोक मात्र बांधणाऱ्यानं जागा आणि नळी पाहून ठेवलेलं असतं. म्हणून खरेदीच्या आधी माप घ्यायचं. टेप, खडू आणि कागद एवढंच लागतं.

काय मोजायचं?

मैला जमिनीतल्या भोकातून खाली जात असेल, तर मागच्या भिंतीपासून भोकाच्या मधोमध किती इंच आहेत ते मोजा. भिंतीला टाइल लावायची असेल, तर तिची आणि मसाल्याची जाडी त्यातून वजा करा. अशा भोकासाठी 'एस ट्रॅप' कमोड लागतो. तो साधारण ४, ९ आणि १२ इंचांच्या मापात मिळतो.

नळी भिंतीतून बाहेर जात असेल, तर फरशीपासून नळीच्या मधोमध किती उंची आहे ते मोजा. तिथे 'पी ट्रॅप' कमोड लागतो. त्याचं तोंड जमिनीपासून साधारण ७ इंचांवर असतं. दुकानदाराकडून नेमकं माप विचारून घ्या.

सोबत खोलीची लांबी-रुंदी आणि दार कुठल्या बाजूला उघडतं तेही लिहा. कमोडपुढे दोन फूट मोकळी जागा असली तर वयस्कर बाईला वळता येतं. खोली लहान असेल तर दार बाहेर उघडणारं करून घ्या. आत पडलेल्या माणसाला बाहेर काढायलाही तेच सोयीचं.

माप जुळत नसेल तर?

एस ट्रॅपसाठी एक नियम पाठ करा: कमोडचं माप भोकाच्या मापाएवढं किंवा त्याहून कमी चालतं, जास्त चालत नाही. भोक १२ इंचांवर आणि कमोड ९ चा असेल, तर मागे ३ इंच जागा राहील, बाकी काही बिघडत नाही. भोक ७ इंचांवर असेल तर ९ चा कमोड भिंतीला अडेल, तिथे ४ चाच घ्यावा लागेल.

फरक इंचभराचा असेल, तर तिरक्या तोंडाचा जोड मिळतो, त्याला ऑफसेट कनेक्टर म्हणतात. फरक मोठा असेल, तर फरशी फोडून नळी सरकवावी लागते. त्या वेळी उतार राखायचा: खड्ड्याकडे जाणाऱ्या नळीला दर ३० इंचांमागे किमान १ इंच. काटकोनी वळण टाळा, मैला तिथेच अडतो.

भोक मधोमध असेल आणि चेंबर मागच्या भिंतीला लागूनच असेल, तर मिस्त्रीला पी ट्रॅपबद्दल विचारा. फरशीऐवजी भिंतीला भोक पाडून काम होऊ शकतं. चेंबरची पातळी मात्र आधी तपासायला लावा.

तीन गोष्टी मिस्त्रीला विचाराच

एक, जुना कोंबडा काढणार का? कोंबडा म्हणजे भांड्याखालची वाकडी नळी, जिच्यात पाणी साचून वास अडतो. कमोडमध्ये तो आतच असतो. जुना तसाच ठेवून वर कमोड बसवला, तर दोन कोंबडे होतात आणि संडास वारंवार तुंबतो.

दोन, नळी किती इंची आहे? ग्रामीण भांड्याखाली बऱ्याचदा ३ इंची नळी असते, कमोडला ४ इंची लागते. खड्ड्यापर्यंत ३ इंचीच असेल, तर नळी बदलायचा खर्चही धरा.

तीन, खड्ड्याला पाणी झेपेल का? २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत अभियान सुरू झालं. त्यात १२,००० रुपयांच्या मदतीतून दोन शोषखड्ड्यांचे संडास बांधले गेले. त्यांचं भांडं मुद्दाम जास्त उताराचं असतं, दीड-दोन लिटर पाण्यात साफ होतं. कमोडची मोठी टाकी एका वेळी ६ लिटर सोडते. पावसाळ्यात जमीन आधीच ओली, त्यात हे पाणी आलं की खड्डा लवकर भरतो. म्हणून दोन बटणांची टाकी घ्या आणि लघवीसाठी लहान बटणच वापरा.

पक्कं करण्याआधी कमोड नुसता ठेवून पाहा. दार लावा, बसून पाहा, उठून पाहा. जोडाखाली बादलीभर पाणी ओतून ते सरळ निघून जातं का ते बघा. सिमेंट नंतर. काम रोवणीच्या आधी उन्हाळ्यात उरका, आणि ते दिवस कुणाच्या घरी जायचं तेही आधी ठरवून ठेवा. काम चालू असताना टाकीत किंवा खड्ड्यात कुणालाही उतरवू नका. आतल्या वायूनं माणूस क्षणात दगावतो, आणि २०१३ च्या कायद्यानं सेप्टिक टाकीत माणूस उतरवून साफसफाई करून घेण्यावर बंदी आहे.

फोडायची गरज आहे का?

भांडं चांगलं असेल आणि अडचण फक्त गुडघ्यांची असेल, तर मधे भोक असलेली मजबूत खुर्ची भांड्यावर ठेवा आणि भिंतीला धरायला पक्की दांडी लावा. नळी तीच, पाणी तेवढंच, खर्च थोडा. बऱ्याच घरांचं काम एवढ्यात भागतं. खुर्चीचे पाय घसरू नयेत म्हणून रबरी बूट लावा.

गटाच्या बैठकीत कमोडसाठी कर्जाची मागणी आली, तर अर्जासोबत हा मापाचा कागद मागा. भिंत ते भोक, नळी किती इंची, खोली केवढी, खड्डा कसा. एका ताईकडे गटाचा टेप ठेवा, जिला लागेल तिनं न्यावा. पाच मिनिटांच्या मापानं कर्जाचे पैसे वाचतात, आणि घरातल्या म्हातारीला पोटभर पाणी प्यायची भीती उरत नाही.