टपाल अडलें तर मुदत थांबते काय?

२६ जुलै २००५ रोजीं सांताक्रुझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि आमच्या भिवंडींतहि पाणी शिरलें. अशा वेळीं वाटेंत अडकलेल्या कागदांचें काय होतें?

मुदतीच्या १९६३ च्या कायद्याचें ४ थें कलम सांगतें कीं, अखेरच्या दिवशीं न्यायालय बंद असल्यास तें उघडेल त्या दिवशीं दावा दाखल करतां येतो. परंतु ही सवलत न्यायालयाच्या बंद दारासाठीं आहे, टपालाच्या अडलेल्या गाडीसाठीं नव्हे. न्यायालय उघडें असेल, तर ५ व्या कलमान्वयें पुरेसें कारण दाखवून विलंबमाफी मागावी लागते. तीहि अपील व अर्ज यांपुरतीच. मूळ दाव्यास ती नाहीं! सुताच्या व्यापाऱ्यानें उधारीचे कागद वकिलाकडे धाडले आणि ते पोहोंचण्यापूर्वींच तीन वर्षें भरलीं, तर दावा गेला. हा भेद मला कठोर वाटतो.

२०२० च्या टाळेबंदींत मात्र सर्वोच्च न्यायालयानें आपण होऊन हस्तक्षेप केला. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सारा काळ मुदतीच्या हिशोबांतून वगळला गेला. करविवरणांच्या तारखा मात्र ३१ मार्च २०२० च्या निराळ्या वटहुकमानें पुढें गेल्या.