लहानपणापासूनचा टकलाचा पॅच: हेअर ट्रान्सप्लांट चालेल का?

डोक्यावर लहानपणापासून एकाच जागी केस नाहीत? मग रील बघून लगेच क्लिनिक बुक करू नका, आधी त्वचारोगतज्ज्ञाकडून कारण शोधून घ्या.

कारण चाई असेल, तर शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच केसांच्या मुळांवर हल्ला करत असते. नवे लावलेले केसही ती पाडू शकते. म्हणजे बग तसाच ठेवून ॲप पुन्हा इन्स्टॉल केल्यासारखं! इथे आधी औषधोपचार. बॅरिसिटिनिब या गोळीला अमेरिकेत २०२२ मध्ये प्रौढांच्या गंभीर चाईसाठी मंजुरी मिळाली.

पण कानशिलाजवळ त्रिकोणी पॅच असेल आणि वर्षानुवर्षं तेवढाच राहिला असेल, तर तो बहुधा ट्रँग्युलर ॲलोपेशिया. इथे हल्ला वगैरे नसतो, म्हणून लावलेले केस टिकतात. एफयूई पद्धतीत डोक्याच्या मागून साधारण १ मिमीच्या पंचने एकेक मूळ काढून पॅचमध्ये बसवतात. पहिल्या काही आठवड्यांत ते केस गळतात. घाबरू नका, मुळं आत शाबूत असतात. नवे केस ३-४ महिन्यांनी दिसू लागतात, पूर्ण रिझल्टला वर्ष लागतं. मात्र मागून काढलेलं मूळ तिथे परत उगवत नाही, त्यामुळे चुकीच्या निदानावर ते खर्च करणं परवडत नाही.

आणि हो, यूट्यूब किंवा वर्कशॉप बघून शिकणं या सर्जरीसाठी पुरेसं नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेच २०२२ मध्ये सांगितलंय. क्लिनिकमध्ये डिस्काउंटआधी विचारा, सर्जरी नक्की कोण करणार?